चंद्रा-भागेच्या काठचे लोकरी मोजे

मनाली सोडून उत्तरेकडे निघाले की पूर्वी रोहतांगची खिंड आडवी येत असे. ३,९७८ मीटर उंचीची ही खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई आणि पलीकडचे लाहौल खोरे वर्षातील जवळजवळ निम्मे महिने जगापासून तुटून राही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि हे चित्र पालटले. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्यामुळे मनाली-लेह मार्गाचे अंतर ४६ किलोमीटरने कमी झाले आणि जो प्रवास ऋतूच्या मर्जीवर अवलंबून होता तो काही तासांचा झाला.

बोगद्यात शिरताना मागे देवदारांची गर्द हिरवाई असते. दहा-पंधरा मिनिटांनी पलीकडे बाहेर पडावे तो सृष्टी बदललेली. पावसाळी ढग पीरपंजाल रांगेच्या अलीकडेच अडतात, त्यामुळे लाहौलचे डोंगर उघडे, तपकिरी आणि कोरडे आहेत. खाली चंद्रा नदीचे राखी पाणी वाहते. काठाने विलो आणि पॉप्लरची झाडे, बटाट्याची व वाटाण्याची छोटी शेते आणि सपाट धाब्याची मातीची घरे दिसतात. सप्टेंबरात या धाब्यांवर हिवाळ्यासाठी गवताचे भारे रचलेले असतात आणि रस्त्याच्या कडेला छरम्याची झुडुपे नारिंगी फळांनी लगडलेली असतात.

तांदी येथे चंद्रेला भागा येऊन मिळते. येथून पुढे नदीचे नाव चंद्रभागा. तीच पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. पंढरपूरच्या वाळवंटाशी जोडलेले हे नाव इतक्या उंचीवर कानी पडले की मराठी मन क्षणभर थबकते. पंढरीची भीमा चंद्रकोरीसारख्या वळणामुळे चंद्रभागा झाली, तर येथे चंद्रा आणि भागा या दोन सख्ख्या धारा आपापले नाव एकमेकींत मिसळून चंद्रभागा होतात. तांदीपासून भागेच्या काठाने थोडे वर गेले की केलांग येते. मनालीपासून बोगद्यामार्गे सुमारे ७० किलोमीटरवरचे, ३,००० मीटरहून अधिक उंचीवर वसलेले हे लाहौल-स्पिती जिल्ह्याचे मुख्य ठाणे आहे. गावाच्या माथ्यावर शाशुर गोंपा आणि नदीपलीकडे समोरच्या उतारावर कारदांग गोंपा आहे. मधल्या उतरंडीवर एक लहानसा बाजार आहे आणि त्या बाजारात प्रत्येक चार दुकानांआड रंगीत लोकरी मोजे टांगलेले दिसतात.

व्यापाऱ्यांचे खोरे

लाहौलची माणसे शेतकरी आहेत, तशीच ती पिढ्यान् पिढ्या व्यापारीही आहेत. या खोऱ्यातून एक वाट बारालाचा खिंड ओलांडून लडाखकडे व तिबेटकडे जाते आणि दुसरी कुल्लूकडे उतरते. या दोन्ही जगांच्या मधोमध बसल्यामुळे लाहौली माणसाच्या हाती मध्यस्थाचा धंदा आपोआप आला. दारच्याच्या वर पात्सेओ नावाचे एक मोकळे पठार आहे. तेथे एकेकाळी उन्हाळ्यात मोठा बाजार भरत असे. तिबेट आणि लडाखकडचे व्यापारी लोकर, मीठ आणि टाकणखार घेऊन येत. हा माल घोड्या-खेचरांवर येई, तसाच मेंढ्यांच्या पाठीवरही येई. प्रत्येक मेंढीच्या दोन्ही अंगांना छोट्या थैल्या बांधलेल्या असत. बदल्यात हे व्यापारी धान्य आणि कापड घेऊन परतत. वजनकाटा, उधारी, शब्दाची पत या गोष्टी ज्यांच्या घरात बाळकडूसारख्या पाजल्या जातात, अशा आपल्या वाचकांना त्या पठारावर उभे राहिल्यावर परकेपणा वाटणार नाही. तेथे आज दगड, वारा आणि लष्करी वाहनांची वर्दळ एवढेच उरले आहे. लाहौलने कुठ या औषधी मुळीची आणि पुढे बटाट्याच्या बियाण्याची शेती करून आपला संसार सावरला.

लोकर मात्र या घरांतून कधी गेली नाही. कांगडा-चंब्याकडचे गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात आपले कळप घेऊन लाहौलच्या कुरणांवर येतात. घरोघरी लोकर पिंजली जाते, कातली जाते. वाटेने चालता चालता तकलीवर सूत काढणारे वृद्ध पुरुष हिमाचलात आजही दिसतात. परंतु सुयांवर मोजे विणण्याची कला या खोऱ्यात तुलनेने नवी आहे. १८५६ च्या सुमारास केलांगमध्ये मोरावियन पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी ठाणे उभारले. त्यांपैकी ऑगस्ट हायडे यांच्या पत्नी मारिया हायडे यांनी हिवाळ्याच्या दिवसांत स्थानिक स्त्रियांना सुयांवरचे विणकाम शिकवण्यास आरंभ केला. मिशनऱ्यांच्या धर्मप्रसाराला खोऱ्यात फारसे यश आले नाही. लोक आपल्या बौद्ध आणि हिंदू परंपरांतच राहिले. विणकाम मात्र त्यांनी उचलले आणि इतके आपलेसे केले की परकी सुई आणि देशी लोकर यांतून लाहौलची स्वतःची नक्षी जन्माला आली. लाहौलच्या या मोज्यांना आणि हातमोज्यांना अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

मोजा कसा असतो?

लाहौली मोजा हातात घेतला की प्रथम त्याचे वजन जाणवते. शहरात मिळणाऱ्या मोज्याच्या दुप्पट जाडीचा हा मोजा गोलाकार विणलेला असतो, त्याला कोठेही शिवण नसते. घोट्यावरच्या भागात चांदण्या, स्वस्तिक, तिरके चौकोन अशी पट्ट्यापट्ट्यांची नक्षी असते. एकेका मोज्यात पाच-सहा रंग सहज असतात, कधी त्याहूनही अधिक. मोजा उलटा करून पाहिला तर त्या नक्षीचे रहस्य उलगडते. ज्या टाक्यात लाल धागा पुढे आहे, त्या टाक्यामागून निळा, पिवळा, हिरवा असे बाकीचे धागे आडवे धावत असतात. त्यामुळे मोज्याला दुहेरी जाडी येते आणि थंडी अडते. पण हेच सैल धागे पायाच्या बोटांत अडकून ओढले जाऊ शकतात, आणि रंग अनेक असल्यामुळे एकाचा डाग दुसऱ्यावर पडण्याची भीतीही असते. मोज्याची निगा कशी राखायची याची सारी उत्तरे त्याच्या या उलट्या बाजूवर लिहिलेली आहेत.

मोज्यांवर घालण्यासाठी कुल्लूकडे पूला नावाचे पादत्राण वापरतात. भांगेच्या झाडाच्या तंतूंपासून वळलेला तळवा आणि वरच्या बाजूस विणलेला भाग, असा हा चामड्याचा लवलेश नसलेला जोडा आहे. देवळात आणि स्वयंपाकघरात चामडे चालत नसल्यामुळे तेथे हा जोडा वापरण्याची रीत आहे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना हे ऐकून निश्चित आनंद होईल.

एका घरातील दुपार

केलांगमध्ये आम्ही ज्या घरी उतरलो होतो, त्या घरच्या आजी सत्तरी ओलांडलेल्या होत्या. लोखंडी शेगडीला तेथे तंदूर म्हणतात. त्याच्या उबेला बसून त्या अखंड विणत असत आणि सुयांकडे पाहण्याची त्यांना गरज भासत नसे. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या पेटीतील एक जोडी पाहिली आणि किंमत विचारली. आजींनी किंमत सांगितली नाही. त्यांनी उलट प्रश्न केला, “दीदी, तुम्ही हे धुणार कसे?”

सासूबाई क्षणभर गोंधळल्या. मग आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “आमच्याकडे शालू आणि शाली रिठ्याने धुतात. तसेच धुऊ.”

आजींचा चेहरा उजळला. त्यांनी फडताळातून कापडी पुरचुंडी काढली. तिच्यात कुल्लूच्या बाजारातून आणलेले रिठे होते. त्यानंतर दोघींचे जे संभाषण सुरू झाले, त्यात भाषेचा अडसर उरला नाही. मागच्या वर्षी दिल्लीच्या एका पाहुण्याने चार जोड्या नेल्या होत्या. घरी जाऊन त्याने त्या गरम पाण्यात, कपडे धुण्याच्या यंत्रात टाकल्या. मोजे लहान मुलाच्या पायाला होतील एवढे आकसले. त्याने फोन करून सांगितले की तुमची लोकर खोटी आहे. “लोकर खरी होती म्हणूनच आकसली,” आजी म्हणाल्या. “खोटी असती तर काहीच झाले नसते. पण हे त्याला कोणी सांगायचे? तो पुन्हा घेणार नाही आणि दुसऱ्यालाही घेऊ देणार नाही.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. एका जोडीमागे सरावलेल्या हातांचेही अनेक दिवस जातात. हिवाळाभर बसून विणलेल्या मोज्यांवर त्यांच्या नातीच्या शिक्षणाचा काही खर्च भागतो. त्या नातीला विणता येते, पण ती विणत नाही. मेहनतीच्या मानाने हाती काय लागते, असे ती विचारते. गिऱ्हाईक टिकले तर नात कदाचित सुया हातात घेईल, एवढीच आजींची आशा होती. म्हणून धुण्याची रीत समजावून सांगितल्याखेरीज त्या मोजे कोणाला देत नसत.

लोकर आकसते का?

लोकरीचा तंतू केसाप्रमाणेच केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर त्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. कोरड्या आणि थंड स्थितीत हे खवले तंतूला चिकटून असतात. गरम पाणी, तीव्र साबणातील क्षार आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि तंतू एकाच दिशेने सरकत जाऊन घट्ट होतात. एकदा असे झाले की ते पुन्हा मोकळे होत नाहीत. ही क्रिया नेहमीच वाईट असते असे नाही. काश्मीर-राजस्थानचा नमदा आणि आपल्याकडे कोल्हापूर-सांगली भागात होणारे जेन याच गुणावर तयार होते. तेथे लोकर मुद्दाम भिजवून, दाबून, लाटून एकजीव केली जाते. जे जेनाचे सामर्थ्य, तेच मोज्याचे मरण.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुती कापड ओले झाल्यावर अधिक बळकट होते. लोकर ओली झाली की दुबळी होते. म्हणून सुती कपड्याप्रमाणे तिला आपटणे, पिळणे, ताणणे योग्य नाही.

धुण्याची रीत

लोकरी मोजे प्रत्येक वापरानंतर धुण्याची गरज नसते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा सहज शोषते आणि हवेवर ठेवल्यास तो सोडूनही देते. रात्री मोजे उलटे करून हवेशीर जागी पसरून ठेवले की बहुतेक वेळा वास आणि दमटपणा निघून जातो. तीन-चार वेळा घातल्यावर, किंवा माती-चिखल लागला असेल तर, धुवावे. शिखरजीच्या पहाटेच्या चढाईत अनेक यात्रेकरूंच्या पायांत केवळ मोजेच असतात. अशा वेळी चिकटलेली माती आधी पूर्ण वाळू द्यावी आणि मऊ ब्रशाने हलकेच झटकावी. ओली माती चोळली तर ती तंतूंत अधिक खोल शिरते.

धुण्याच्या आदल्या रात्री दोन जोड्यांसाठी पाच-सहा रिठे फोडून बिया काढाव्यात आणि साली अर्धा लिटर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी त्या कुस्करून पाणी स्वच्छ फडक्याने गाळून घ्यावे. रिठ्यात साबणाप्रमाणे फेस देणारे द्रव्य असते, पण त्यात साबणाचा तीव्र क्षार नसतो. सराफकट्ट्यावर दागिने उजळण्यासाठी आणि घरात रेशमी वस्त्रांसाठी रिठा वापरला जातो तो याच कारणाने. रिठे नसतील तर लोकरीसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण वापरावा. धुण्याचा सोडा, रोजची कपड्यांची पावडर आणि पांढरे कपडे उजळणारे क्लोरीनचे द्रावण यांना लोकरीच्या जवळपासही येऊ देऊ नये. क्लोरीनचे हे द्रावण लोकर अक्षरशः विरघळवते, आणि अनेक पावडरींत प्रथिनांचे डाग काढणारी जी द्रव्ये असतात ती प्रथिनांच्याच बनलेल्या या तंतूलाही झिजवतात.

रंगीत मोजे प्रथमच धुताना रंगाची परीक्षा घ्यावी. पांढरे फडके ओले करून लाल आणि निळ्या भागावर थोडा वेळ दाबून धरावे. फडक्याला रंग लागला तर पाणी अगदी थंड घ्यावे आणि भिजवण्याचा वेळ कमीत कमी ठेवावा.

पाणी मनगटावर घेतले असता ना गार ना गरम लागावे. ३० अंश सेल्सिअसच्या वर ते नसावे. मोजे उलटे करून रिठ्याच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. मग तळहातांनी दाबावे आणि सोडावे, दाबावे आणि सोडावे. टाच आणि बोटांचा भाग अधिक मळलेला असतो. तेथेही बोटांनी दाबावे, चोळू नये. आजी हे करून दाखवताना म्हणाल्या, “तान्ह्या बाळाचे डोके धुतो ना, तसे.” सासूबाईंनी मान डोलावली. यापुढे समजावण्यासारखे काही उरले नव्हते.

नंतर दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावे. ही पाणीही आधीच्या पाण्याइतकीच कोमट किंवा थंड असावीत. गरमातून एकदम गारात घातल्यास लोकरीला धक्का बसतो. शेवटच्या पाण्यात लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकले तर उरलेला क्षार निघून जातो आणि रंगाला तकाकी येते. पाण्यातून काढताना मोजा वरच्या टोकाला धरून उचलू नये. ओल्या लोकरीचे वजन तिलाच खाली खेचते आणि मोजा लांबट होतो. दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन तो बाहेर काढावा. दोन जोड्यांना एक बादली पाणी पुरते आणि तेच पाणी पुढे अंगण किंवा फरशी पुसण्यास उपयोगी पडते. हिवाळ्यात जेथे नळ गोठतात तेथील माणसांना पाण्याचा हा हिशेब शिकवावा लागत नाही.

वाळवणे आणि रफू

पिळण्याऐवजी मोजे जाड कोरड्या पंचात सपाट ठेवून पंचाची सुरळी करावी आणि ती हातांनी दाबावी. बरेचसे पाणी पंचा शोषून घेतो. मग मोजे सुलटे करून, टाच आणि बोटे हातांनी नीट आकारात बसवून, चाळणीवर किंवा बाजेवर पसरून सावलीत वाळवावेत. दोरीवर चिमटा लावून टांगू नयेत. लाहौलच्या कोरड्या हवेत असे मोजे चटकन वाळतात. तेथेही आजी त्यांना धाब्यावर उन्हात न टाकता पडवीत ठेवत, कारण त्या उंचीवरचे ऊन रंग खाते. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यात लोकर धुणे टाळलेलेच बरे. नाइलाज असेल तर पंख्याखाली पसरावी. इस्त्री आणि केस वाळवण्याचे यंत्र दोन्ही वर्ज्य. धुण्याच्या यंत्राचा आग्रहच असेल तर लोकरीसाठी असलेला थंड पाण्याचा सौम्य पर्यायच निवडावा आणि मोजे जाळीच्या पिशवीत घालावेत. हाताने विणलेल्या मोज्यांना मात्र हात हेच उत्तम यंत्र आहे.

वापरता वापरता मोज्यावर लोकरीचे बारीक गोळे येतात. ते ओढून काढू नयेत, लहान कात्रीने अलगद कापावेत. आतला एखादा धागा ओढला गेला तर तो कापण्याऐवजी बोथट सुईने मागच्या बाजूस सरकवून सारखा करावा. टाच विरळ झालेली दिसताच, भोक पडण्याची वाट न पाहता, रफू करावे. टाचेत एक लहान वाटी पालथी घालावी, त्यावर मोजा ताणरहित बसवावा आणि त्याच जाडीच्या लोकरीने आधी उभे, मग त्यांतून खालीवर जात आडवे धागे भरावेत. आपल्या आजी-पणजींच्या सुई-दोऱ्याच्या डबीत हे ज्ञान होते. रफू केलेला कपडा घालण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. वस्तू जपून वापरणे हा त्यांच्या दृष्टीने काटकसरीचा भाग होता, तसाच अपरिग्रहाचाही.

ठेवण्याची काळजी

लोकरीला कसर लागते. पतंगासारख्या एका लहान कीटकाची अळी केराटिनवर जगते. स्वच्छ लोकरीपेक्षा घाम आणि अन्नाचे डाग असलेली लोकर तिला अधिक मानवते, आणि अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी ती वाढते. म्हणजेच कीड लागल्यावर उपाय करण्याची वेळ बहुधा आपल्याच आळसामुळे येते. जेथे जीव उत्पन्नच होऊ नये अशी दक्षता घेणे शक्य आहे, तेथे नंतर औषध घालून त्यांचा घात करण्याचा प्रसंग का येऊ द्यावा? आपल्याकडे जिला यतना किंवा जयणा म्हणतात, तिचा हा अगदी घरगुती धडा आहे.

हिवाळा संपला की मोजे धुऊन, पूर्ण कोरडे करून, मलमलीच्या पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. पिशवीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि थोड्या लवंगा ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. डांबराच्या गोळ्यांची वाफ लहान मुलांना अपायकारक असते, त्यामुळे त्या टाळाव्यात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पिशवी उघडावी, मोजे झटकावेत आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवून पुन्हा बांधावेत. सामायिकासाठी ज्या घरांत लोकरीचे कटासन वापरले जाते, तेथे त्याच्यासाठीही हेच सारे नियम लागू पडतात.

घेताना आणि विकताना

केलांग असो, मनाली असो वा लेह, बाजारात ‘शुद्ध लोकर’ म्हणून टांगलेल्या मोज्यांपैकी सगळेच लोकरीचे नसतात. ॲक्रिलिकचे सूत रंगाने अधिक भडक, वजनाने हलके आणि किमतीने स्वस्त असते. ते वाईट आहे असे नाही. ते यंत्रात सहज धुता येते. वाईट एवढेच की ते लोकर म्हणून विकले जाते. परीक्षा सोपी आहे. दुकानदाराकडून सुताचा सुटा तुकडा मागून घ्यावा आणि मोकळ्या जागी जपून पेटवावा. लोकर मंद जळते, जळत्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी होते. प्रामाणिक दुकानदार या परीक्षेला हरकत घेत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे कापड, तयार कपडे, हस्तकला यांच्या व्यवसायात आहेत. काहींच्या दुकानांत हिमाचल-काश्मीरचा लोकरी माल दर हिवाळ्यात येतो. त्यांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक जोडीबरोबर चार ओळींची मराठी चिठ्ठी द्यावी: थंड पाणी, रिठा किंवा सौम्य साबण, चोळू-पिळू नये, सावलीत सपाट वाळवावे. तिचा खर्च काही पैशांचा आहे. पण त्या चिठ्ठीमुळे गिऱ्हाइकाचा मोजा दहा हिवाळे टिकेल, दुकानाची पत राहील आणि दूर कोठेतरी तंदुराजवळ बसलेल्या एखाद्या विणणारीचे नाव खोट्या लोकरीशी जोडले जाणार नाही. माल विकला की व्यवहार संपला, असे आपल्या जुन्या पेढ्यांनी कधीच मानले नाही. वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी नीट नांदली, तरच सौदा पुरा झाला असे ते म्हणत.

केलांगच्या आजींनी त्या दिवशी अखेर किंमत सांगितली. सासूबाईंनी घासाघीस केली नाही. आयुष्यभर दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसलेल्या त्या बाईकडून हे पाहून आम्हा सर्वांनाच नवल वाटले. त्यांनी दोन जोड्या घेतल्या आणि आपल्या पिशवीतील राजगिऱ्याच्या वड्या आजींच्या हाती ठेवल्या. मग कागद-पेन मागून घेतला, रिठ्याची कृती हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून काढली आणि तो कागद आजींच्या नातीकडे दिला. पुढच्या पाहुण्याच्या हाती मोज्यांबरोबर त्याची प्रत द्यायची, असे ठरले. नातीने लगेच मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले आणि म्हणाली, “याच्या प्रती मी काढून आणते.” आजींच्या सुया काही क्षण थांबल्या आणि पुन्हा चालू लागल्या.